विश्लेषण : कंपनीचे नाव बाटलीवर, पण बाटली माळ्यावर! प्रचारवस्तू निवडताना नेमके कुठे चुकते?

गणपती आटोपले की कंपन्यांच्या खरेदी आणि मनुष्यबळ विभागांत कॅटलॉगची गर्दी सुरू होते. चाकण, वाळूज, अंबड, तळोजा अशा औद्योगिक वसाहतींतील मोठ्या कारखान्यांपासून वीस-पंचवीस माणसांच्या वर्कशॉपपर्यंत सगळीकडे एकच प्रश्न असतो, यंदा दिवाळीला काय द्यायचे? बाटली, बॅग, डायरी, पॉवर बँक, सुकामेव्याचा डबा, टी-शर्ट या यादीतून काहीतरी निवडले जाते, त्यावर कंपनीचा लोगो छापला जातो आणि काही लाख रुपये खर्ची पडतात. ही वस्तू कोणी वापरणार आहे का, हा प्रश्न मात्र बहुतेकदा विचारलाच जात नाही. म्हणूनच दर जानेवारीत घरोघरी माळ्यावर आणि कपाटाच्या तळाशी लोगो छापलेल्या वस्तूंचा नवा थर साचतो.

या वस्तू द्यायच्याच कशासाठी?

वर्तमानपत्रातील जाहिरात दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, मोबाइलवरची जाहिरात अंगठ्याच्या एका फटक्यात सरकते. हातात दिलेली वस्तू मात्र घरात राहते आणि रोज दिसते, हा या खर्चामागचा हिशेब आहे. तो चुकीचा नाही. दिनदर्शिका हे त्याचे महाराष्ट्रातील सर्वांत जुने आणि यशस्वी उदाहरण. जयंतराव साळगावकर यांनी १९७३ मध्ये सुरू केलेले ‘कालनिर्णय’ मराठी घरांच्या भिंतीवर स्थिरावले आणि दिनदर्शिकेवर आपले नाव छापून ती ग्राहकांना देण्याची पद्धत पतपेढीपासून सराफापर्यंत सर्वांनी उचलली.

दिनदर्शिका टिकली ती तिच्यावरच्या दुकानाच्या नावामुळे नव्हे. तिथी, एकादशी, संकष्टीचा चंद्रोदय पाहायला घरातले कोणी ना कोणी रोज तिच्यासमोर उभे राहते. दूधवाल्याचे खाडे, गॅस सिलिंडरची तारीख तिच्यावरच लिहिली जाते. उपयोग आधी आला आणि दुकानाचे नाव त्याच्या आधाराने वर्षभर भिंतीवर राहिले. प्रचारवस्तूचे सारे शास्त्र या एका उदाहरणात आहे. दुर्दैवाने बहुतेक कंपन्या उलट्या क्रमाने जातात. आधी लोगो कुठे छापता येईल ते पाहिले जाते, उपयोगाचा विचार मागून होतो.

निवड कुठून सुरू करावी?

घेणाऱ्यापासून. ‘सर्वांना चालेल असे काहीतरी’ या निकषावर निवडलेली वस्तू सहसा कोणालाच लागत नाही. कंपनीकडून वस्तू घेणारे किमान चार गट असतात : ग्राहक, वितरक किंवा विक्रेते, कर्मचारी आणि प्रदर्शनात भेटणारे अनोळखी लोक. या चौघांचे दिवस वेगवेगळे असतात.

सिमेंट किंवा टाइल्सच्या कंपनीचा खरा प्रचारक हा गवंडी आणि ठेकेदार. त्याला मोजमापाची चांगली टेप दिली तर ती रोज खिशातून बाहेर निघते, तीही नेमकी बांधकामाच्या जागी, जिथे पुढचे गिऱ्हाईक उभे असते. बियाणे किंवा ठिबक सिंचनाच्या कंपनीने शेतकऱ्याला कातडी कव्हरची डायरी देण्यापेक्षा मजबूत टॉर्च दिलेली बरी, कारण शेतीपंपाची वीज रात्री येते तेव्हा बांधावर जावेच लागते. मालवाहतूकदाराला केबिनमध्ये गरम राहणारा थर्मास लागतो. प्रदर्शनात दिवसभर फिरणाऱ्याला आधीच चार पिशव्या सांभाळायच्या असतात, त्याला खिशात मावणारे काहीतरी द्यावे.

निवडीची एक सोपी कसोटी आहे. या वस्तूवर कंपनीचे नाव नसते, तर समोरच्याने ती स्वतःहून वापरली असती का? उत्तर ‘नाही’ असेल तर लोगो छापून ते ‘होय’ होत नाही.

स्वस्त वस्तू महाग का पडते?

समजा, एका कंपनीचे प्रचारवस्तूंसाठीचे अंदाजपत्रक दोन लाख रुपये आहे. त्यात २०० रुपयांच्या एक हजार पिशव्या येतात किंवा ८०० रुपयांच्या अडीचशे चांगल्या बाटल्या. संख्या पाहून बहुतेक जण पिशव्या घेतात. महिन्याभरानंतर त्या हजारांपैकी शंभरच वापरात राहिल्या, तर वापरात असलेली प्रत्येक पिशवी कंपनीला दोन हजार रुपयांना पडली. अडीचशे बाटल्यांपैकी दोनशे वापरात राहिल्या, तर प्रत्येक बाटली एक हजाराला पडते. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण हिशेब करायचा तो याच रीतीने. किती वाटल्या हे न मोजता किती वापरल्या जातात हे मोजले की ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ बदलतो.

दुसरे नुकसान पैशात मोजता येत नाही. बंद तुटलेली बॅग, पहिल्याच पावसात उलटी झालेली छत्री, तिसऱ्या दिवशी गळू लागलेली बाटली यांच्यावर पुरवठादाराचे नाव नसते. तिथे कंपनीचेच नाव असते. ‘अचूकता आणि दर्जा’ हे घोषवाक्य लिहिणाऱ्या इंजिनीअरिंग कंपनीचे पेन पहिल्याच सहीला अडले, तर ग्राहकाच्या मनात जी शंका येते तिची किंमत दोन लाखांहून मोठी असू शकते. संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाणाच्या नावाखाली आलेल्या प्लास्टिकच्या डब्या-चाळण्यांचे पुढे काय होते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. कंपन्यांच्या भेटींचे तेच होऊ लागले आहे.

मग ज्यांना वस्तू मिळणार नाही त्यांचे काय, असा प्रश्न येईल. साऱ्या ग्राहकांना सुमार वस्तू देण्यापेक्षा मोजक्यांना चांगली वस्तू आणि उरलेल्यांना नीट छापलेली दिनदर्शिका किंवा मालकाच्या सहीचे पत्र देणे अधिक सभ्य आहे.

लोगो किती मोठा असावा?

भांड्यांच्या दुकानात नाव घालून घेण्याची मराठी रीत इथे आठवावी. आहेराच्या ताटावर किंवा तांब्यावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख काठाखाली टिंबाटिंबांनी कोरली जाते. अक्षरे बोटाच्या पेराएवढी, भांडे मात्र पिढ्यान्‌पिढ्या वापरात. ताटाच्या मधोमध हातभर नाव कोरायचे कोणाच्या मनात येत नाही, कारण तसे ताट पाहुण्यांपुढे मांडता येणार नाही.

टी-शर्टच्या छातीभर लोगो आणि पाठीवर घोषवाक्य, वेबसाइट, फोन नंबर छापले की तो घरी घालायचा किंवा गाडी पुसायचा कपडा होतो. खिशाच्या जागी दोन-अडीच इंचांचे नाव असेल तर तोच टी-शर्ट रविवारी बाहेरही घातला जातो. मोठ्या लोगोने जाहिरात वाढत नाही, वापर घटतो. टोपी, छत्री किंवा स्टॉलवरच्या स्वयंसेवकाचा टी-शर्ट यांना अपवाद करता येईल, कारण तिथे लांबून ओळख पटणे हाच उद्देश असतो.

याहून पुढचे पाऊल म्हणजे वस्तूवर घेणाऱ्याचे नाव ठळक आणि कंपनीचे नाव तळाशी. लेझर यंत्रावर प्रत्येक नगावर वेगळे नाव कोरणे आता अवघड राहिलेले नाही. स्वतःचे नाव असलेली बाटली माणूस सहसा दुसऱ्याला देऊन टाकत नाही.

छपाईची कोणती पद्धत कुठे चालते?

वस्तू चांगली निवडूनही छपाईत माती खाल्लेली अनेकदा दिसते. प्रत्येक पद्धतीचा स्वभाव वेगळा आहे. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी बनवावी लागते. त्यामुळे एक-दोन रंगांच्या लोगोसाठी आणि मोठ्या संख्येसाठी ती स्वस्त पडते, पन्नास नगांसाठी नाही. सब्लिमेशनमध्ये रंग धाग्यात मुरतो आणि धुण्याने जात नाही, पण ते पॉलिस्टरवर आणि फिक्या रंगावरच नीट उठते. सुती टी-शर्टसाठी ते उपयोगाचे नाही. कमी नग आणि अनेक रंग असतील तर फिल्मवर छापून उष्णतेने चिकटवण्याची डीटीएफ पद्धत सोयीची, मात्र हलक्या प्रतीची फिल्म काही धुण्यांतच तडकते.

पोलो टी-शर्ट, टोपी, जाड बॅग यांवर भरतकाम शोभते आणि टिकते. तेच पातळ कापडावर चुण्या पाडते आणि बारीक अक्षरे त्यात भरून जातात. स्टीलवर लेझर कोरीवकाम सर्वांत टिकाऊ. त्यात कंपनीचे रंग मिळत नाहीत, हे आधीच मान्य करावे लागते. बाटलीवरचा रंगीत लोगो चार महिन्यांत खरवडून निघण्यापेक्षा एकरंगी, न पुसणारे नाव बरे.

म्हणूनच ऑर्डरआधी छपाई केलेला एक नग मागवणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे. कोरा नमुना पाहून उपयोग नाही. कपडा असेल तर पाच वेळा धुवावा, बाटली असेल तर भरून रात्रभर आडवी ठेवावी, छपाईवर नख ओढून पाहावे आणि मगच होकार द्यावा. टी-शर्टच्या बाबतीत आकारांचा अंदाज बांधू नये, प्रत्येकाला विचारावे. महिला कर्मचाऱ्यांना पुरुषी मापाचे ढगळ टी-शर्ट देऊन ‘सर्वांना दिले’ म्हणण्यात अर्थ नाही.

मराठी मजकुराची वेगळी काळजी का?

इंग्रजी नाव सहसा जसेच्या तसे छापून येते, देवनागरीचा भरवसा नसतो. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर छापखान्याच्या संगणकावर उघडला की जोडाक्षरे तुटतात, वेलांटी एक घर सरकते, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. यंत्र चालवणाऱ्याला मराठी येत नसेल, तर हजार नग तसेच छापून येतात. मजकूर फाइलमध्ये अक्षरे म्हणून न देता ‘कर्व्ह’ करून, म्हणजे आकृतीत बदलून द्यावा आणि छपाईपूर्व प्रत मराठी शुद्धलेखन जाणणाऱ्या माणसाने वाचावी. लोगोही व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो न देता व्हेक्टर फाइलमध्येच द्यावा, नाहीतर मोठा करताना कडा फाटतात.

काय छापू नये, हे कायदाही सांगतो. बोधचिन्हे आणि नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणाऱ्या १९५० च्या कायद्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंतप्रधान यांची नावे आणि चित्रे आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय त्यांचा व्यापारी उपयोग करता येत नाही. दिनदर्शिकांवरील चित्रांना सूट आहे, पण ती दिनदर्शिका मालाच्या जाहिरातीसाठी वापरायची नाही, या अटीवर. राष्ट्रध्वज रुमाल, उशी किंवा नॅपकिनवर छापणेही निषिद्ध आहे. प्रजासत्ताक दिनाची ‘खास’ भेट ठरवताना हे ध्यानात असावे.

कराचा हिशेब कुठे चुकतो?

पहिली चूक जीएसटीची. मोफत दिलेल्या भेटवस्तूंवर भरलेल्या कराचे इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही, असे केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम १७(५) सांगते. म्हणजे दोन लाखांच्या मालावर १८ टक्के दराने ३६ हजार रुपये कर लागला, तर तो कंपनीच्याच खिशातून जातो. अंदाजपत्रक करतानाच ही रक्कम धरायला हवी. कर्मचाऱ्यांपुरती एक सवलत अशी की मालकाने एका कर्मचाऱ्याला आर्थिक वर्षात ५० हजार रुपयांपर्यंत दिलेली भेट जीएसटीच्या व्याख्येत ‘पुरवठा’ मानली जात नाही.

दुसरी बाब उद्गम करकपातीची. आयकर कायद्यातील कलम १९४आर १ जुलै २०२२ पासून लागू झाले. व्यवसायाच्या संबंधातून एखाद्याला वर्षभरात दिलेल्या लाभांचे मूल्य २० हजार रुपयांच्या वर गेले, तर देणाऱ्याला १० टक्के कर कापावा किंवा तो भरला गेल्याची खात्री करावी लागते. बाटली-डायरीत ही मर्यादा ओलांडत नाही. मोठ्या वितरकाला दिलेला मोबाइल किंवा सहलीचे पॅकेज मात्र सहज ओलांडते. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांची मांडणी बदलली असल्याने नेमकी तरतूद सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावी.

भेट कोणाला देता येत नाही?

औषध कंपन्यांसाठी २०२४ मध्ये आलेल्या एकसमान विपणन संहितेनुसार डॉक्टरांना वैयक्तिक भेटवस्तू देता येत नाहीत. पुस्तके, दिनदर्शिका, डायऱ्या अशा माहितीपर वस्तूंना मुभा आहे, तीही प्रत्येकी एक हजार रुपयांच्या मर्यादेत. डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च औषध कंपन्यांना करपात्र उत्पन्नातून वजा करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला आहे.

सरकारी कार्यालयांनी स्वतःही हात आखडता घेतला आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सप्टेंबर २०२० मध्ये मंत्रालये, सार्वजनिक उपक्रम आणि सरकारी बँकांना दिनदर्शिका, डायऱ्या, शुभेच्छापत्रे छापण्यास मनाई केली. अनेक खासगी कंपन्यांनीही पुरवठादारांकडून भेट स्वीकारू नये, असे नियम आपल्या कर्मचाऱ्यांना घातले आहेत. अशा ठिकाणी डबा पाठवणे म्हणजे घेणाऱ्याला अडचणीत टाकणे. पाठवण्याआधी एक फोन करून विचारणे शहाणपणाचे.

पर्यावरणाचे नाव घेऊन फसगत होते का?

होते. ‘कापडी पिशवी’ म्हणून खपवली जाणारी नॉन-वोव्हन पिशवी कापडासारखी दिसते, पण ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. प्रति चौरस मीटर ६० ग्रॅमपेक्षा हलक्या अशा पिशव्यांवर देशभरात ३० सप्टेंबर २०२१ पासून बंदी आहे. शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरही १ जुलै २०२२ पासून बंद आहेत. म्हणजे प्रदर्शनाच्या स्टॉलवर ‘हरित’ घोषणेखाली बेकायदा बॅनर आणि बेकायदा पिशवी, असा विनोद घडू शकतो. पॉवर बँकेला बीआयएस नोंदणी सक्तीची आहे. ती नसलेला स्वस्त माल कंपनीच्या नावाने लोकांच्या उशाशी चार्जिंगला लावणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

वापरली न जाणारी वस्तू बांबूची असली तरी तो कचराच. पर्यावरणाचा पहिला नियम कमी वस्तू हाच आहे. घ्यायचीच तर जवळची घ्यावी. सोलापूरचे टॉवेल आणि चादरी, सावंतवाडीची लाकडी खेळणी, कोल्हापूरचा गूळ, ग्रामीण बचत गटांचे मसाले आणि पापड यांना ना कॅटलॉगची गरज आहे, ना उपयोग समजावून सांगण्याची. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण त्या नावाने बाहेरचा मालही विकला जातो. त्यामुळे खरेदी थेट उत्पादकाकडून करावी. अशा वस्तूवर लोगो छापायचा अट्टहास नको. सोबत एक छोटे कार्ड पुरते.

कर्मचाऱ्यांच्या भेटीत वेगळे काय?

ग्राहकांमध्ये निवड करता येते, कर्मचाऱ्यांमध्ये नाही. तरीही अनेक कारखान्यांत कार्यालयातील लोकांना मोठा डबा, कायम कामगारांना छोटा आणि कंत्राटी कामगारांना, गेटवरच्या सुरक्षारक्षकांना मिठाईचा पुडा, अशी उतरंड दिसते. एकाच बसमधून घरी जाणाऱ्यांच्या हातात तीन आकाराचे डबे असतात आणि कोणाची किंमत किती, हे सगळ्यांना दिसते. दोन हजार रुपयांच्या तीन प्रतींपेक्षा पाचशे रुपयांची एकच वस्तू सर्वांना दिली, तर कंपनीचे नाव अधिक आदराने घेतले जाईल.

भेट हा बोनसचा पर्यायही नव्हे. पात्र कामगारांना किमान ८.३३ टक्के बोनस हा कायद्याने दिलेला हक्क आहे, भेट ही त्यापलीकडची आपुलकी. पगार थकलेला असताना लोगोची बॅग हातात पडली, तर ती बॅग त्या थकबाकीचीच आठवण करून देत राहते.

मग कंपन्यांनी काय करावे?

ऑर्डर देण्याच्या किमान दोन महिने आधी सुरुवात करावी. दिवाळीच्या तोंडावर मिळते ते उरलेले आणि घाईत छापलेले. गेल्या वर्षी दिलेली वस्तू आज कुठे आहे, हे वीस-पंचवीस जणांना मोकळेपणाने विचारावे. त्यासाठी कुठल्या सर्वेक्षण संस्थेची गरज नाही. शिपाई, ड्रायव्हर आणि जुने ग्राहक यांच्याइतकी खरी उत्तरे कोणी देत नाही. बहुतेकांना गेल्या वर्षीची वस्तू आठवतच नसेल, तर यंदा तोच खर्च पुन्हा करण्याचे कारण उरत नाही.

काही वर्षी काहीच न देणे हाही योग्य निर्णय असू शकतो. वाचलेल्या पैशांत ग्राहकाची रखडलेली तक्रार सोडवणारा एक माणूस जास्त नेमता येतो, पुरवठादारांची बिले वेळेवर चुकती करता येतात किंवा कामगारांच्या कँटीनचा पंखा बदलता येतो. यातल्या कशावरही लोगो छापता येणार नाही. पण कंपनीचे नाव लोकांच्या तोंडी राहते ते बहुधा अशाच गोष्टींमुळे.